मुताच्या हौदातला सम्राट

रोमजवळच्या ओस्तिया बंदरात नेब्रिसचा धोबीखाना होता. गुलामगिरीतून सुटल्यावर नवऱ्यासोबत तिनं तो उभा केला आणि नवरा वारल्यावर एकटीनं चालवला. मळ सुटावा म्हणून लोकरीचे कपडे शिळ्या मुतात तुडवायचे, मग गोड्या पाण्यात खळबळायचे. तिच्या पावलांची कातडी कायम सोलवटलेली असायची.

एका सकाळी तुडवताना टाचेला काहीतरी टोचलं. वाकून उचललं, तर चांदीचं नाणं. कुणाच्या तरी झग्याच्या टोकाची गाठ सुटली असावी. तिनं ते अंगठ्यानं पुसलं. डोईवर विजयाची पानं ल्यालेला सम्राट! त्याच्या हनुवटीवरून मूत ठिबकत होतं.

गेल्याच हिवाळ्यात शेजारच्या तांबटाला शिपायांनी नेलं होतं. असलंच नाणं जवळ असताना तो शौचाला बसला, एवढाच गुन्हा. तो परत आलाच नाही.

"बाई, काय गावलं?" पलीकडच्या हौदातून क्वार्तिओनं विचारलं. नवाच गडी होता.

"खडा."

"खडा चमकतो होय?" तो हसला.

दुपारी पापिरिउस आला. वखारींवरचा मुकादम, चहाड्या करून वर चढलेला.

"माझ्या झग्यात नाणं होतं. काढ."

नाही म्हणावं तर चोर, हो म्हणावं तर राजद्रोही.  पण नेब्रिसच्या तोंडातून भलतंच निघालं.

"मालक, सम्राटांना तुम्ही धाडलंत? ह्या हौदात?"

पापिरिउसनं हौदाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं नव्हतंच ते," म्हणत ओलाच झगा काखोटीला मारून तो चालता झाला.

नाणं वितळवणं हाही गुन्हाच. ते गुलाबपाण्यानं धुऊन तिनं सम्राटाच्या देवळात वाहिलं. पुजाऱ्यानं ते हातात घेतलं, तेव्हा वास तर येत नाही ना, म्हणून ती श्वास रोखून उभी होती.

पण क्वार्तिओला माहीत होतं. त्यानं धमकी कधी दिली नाही. फक्त उशिरा यायचा, जेवताना मांस मागायचा आणि हसत विचारायचा, "आज खडा गावला का, बाई?" नेब्रिस मुकाट्यानं वाढायची. दारावर थाप पडली की तिच्या हातातलं भांडं निसटायचं. तो सम्राट मेला, नाण्यांवर दुसरं तोंड आलं, तरी तिची धास्ती गेली नाही.

मग तापाच्या साथीत क्वार्तिओ गेला. त्याला कुणीच नव्हतं. चिता नेब्रिसनंच रचली. ती इतकी ढसढसा रडली की शेजारणी म्हणाल्या, "पोटच्या पोरासारखा जीव होता हो तिचा त्याच्यावर."

नेब्रिसनं शाल तोंडावर ओढून घेतली, आणि आडून एकेकीचा चेहरा निरखत राहिली: त्या खड्याचं त्यानं ह्यांतल्या कुणाला सांगितलं तर नसेल?