काट्यावरचा टोळ

तोडलेल्या बाभळीचा तुरट वास आला, की सासूबाईंच्या कपाळावरचं रक्त आठवतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि निलंग्याकडं दुष्काळ होता. उपाशी देवणी गाईला पाला मिळावा म्हणून सासूबाई बाभळीची फांदी तोडत होत्या. फांदीत, भक्ष्य काट्याला टोचून ठेवणाऱ्या खाटीक पक्ष्याचं घरटं होतं, आमच्याच गाईच्या केसांनी मऊ केलेलं. मादीनं चोचीनं त्यांचं कपाळ फोडलं, पण कुऱ्हाड थांबली नाही. घरटं पडलं. पिल्लं गाईच्या खुराखाली चिरडली.

दुसऱ्या दिवशी मादीनं टोळ आणला, उरलेल्या फांदीच्या काट्याला टोचला आणि पिल्लांना हाका मारत राहिली.

"कुणाला जेवाया बोलवायलीस गं?" सासूबाई किंचाळल्या आणि त्यांनी अख्खी बाभूळ आडवी केली.

तेव्हा मला तो राग वाटला होता.