शेठच्या मानेचं माप

लग्नाआधी सुनेला अगदी ठाम वाटलं होतं, की आपले होणारे सासरे मुके आहेत. आता ही गोष्ट निघाली की तिला हसू आवरत नाही, आणि सांगता सांगता दोनदा थांबून डोळे पुसावे लागतात.

झालं असं, की ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा सासरे मागच्या दारात स्टुलावर बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होते. ओठांत टाचण्यांची रांग. तिनं विचारलं, "बरे आहात ना?" त्यांनी मान वरखाली केली. "उजेड पुरतो का इथे?" मान पुन्हा वरखाली. पोरीनं मनात निकाल लावून टाकला. घरी जाऊन आईला म्हणाली, "माणसं चांगली आहेत गं. सासऱ्यांना बोलता येत नाही बिचाऱ्यांना, पण चेहऱ्यानं मायाळू वाटतात."

आई म्हणाली, "मग तर सोन्याहून पिवळं. आजकाल मुका सासरा मिळतो कुठे?"

लग्न होऊन ती घरात आली, तरी सुरुवातीचे कितीतरी दिवस ती सासऱ्यांशी खुणांनी बोलायची. कप दाखवून भुवया उडवायची, म्हणजे चहा हवा का. पोटावर हात फिरवायची, म्हणजे जेवायला चला. आणि सासरे तरी कसले बेरकी, त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. उत्तरं मानेनंच. नवऱ्याला वाटलं, ही बायकोची लाडात यायची तऱ्हा असेल. सासूबाईंना वाटलं, पोरीलाच जरा कमी ऐकू येतं. म्हणून त्या तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागल्या. तिला वाटलं, सासूबाईंचा आवाजच तसला. असं सगळं घर आपापल्या समजुतीत सुखानं नांदत होतं.

मग एका सकाळी ती भांडी विसळत होती आणि परसातून बोलणं ऐकू आलं.

"वकीलीणबाई, ढकलाढकली नको. सगळ्यांना मिळेल. तुम्ही नेहमीच्या आहात म्हणून काय पुढे घ्यायचं? मास्तरीणबाई, तुम्ही का मागे राहिलात? या. कालची पाठ कशी आहे? दाखवा."

पाहुणे आले म्हणून ती हात पुसत धावली. परसात सासरे, एक परात, आणि कोंबड्या. दुसरं चिटपाखरू नाही. ती पायरीवर मटकन बसली आणि हसत सुटली, ती थांबेना. सासरे वळून म्हणाले, "चहा विचारायला आलीस ना? मग आज भुवया का नाही उडवल्यास?"

आता या माणसाची हकिकत सांगायला हवी. सासऱ्यांचं शिंप्याचं दुकान. उभा जन्म पँटी शिवण्यात गेला, आणि टाचण्या ओठांत धरून बोलता येत नाही, ही साधी गोष्ट आहे. गिऱ्हाईक बोलणार, हे माना हलवणार. घरी आले तर बायको बोलणार, हे माना हलवणार. डोळे थकले तसं दुकान मुलाच्या हाती दिलं, आणि स्वतः मागच्या दारात बसून उसवाउसवीची किरकोळ कामं घ्यायला लागले. मग कोंबड्या आणल्या. कोंबड्यांसमोर टाचण्या धरायची गरज नव्हती, तेव्हा इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यांच्यापुढे निघायला लागलं. नावंही त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांचीच ठेवली. सतत तक्रार करते ती वकीलीणबाई. मान वाकडी करून प्रत्येक दाणा तपासून घेते ती डॉक्टरीण. आणि सगळ्यांच्या चोची खाते पण कुणाला उलटून मारत नाही, ती मास्तरीणबाई.

मास्तरीणबाईंचे फार हाल होते. बाकीच्यांनी टोचून टोचून तिची पाठ उघडी पाडली होती. सासऱ्यांनी तिच्यासाठी जुन्या अस्तराची झूल शिवली, पंखांखालून बंद घेतले, वर छोटंसं बटण लावलं. झूल सुरेख बसली, पण टोचणं थांबलं नाही. उलट बटण कुणीतरी खाल्लं.

शेवटी ओळखीतल्या एका कोंबडीवाल्यानं सांगितलं, "बायकांच्या त्या घोळक्यात एक कोंबडा सोडा. आपोआप शिस्त येईल."

सासूबाई म्हणाल्या, "पुरुष आला की घरात शिस्त येते, हे मला इतक्या वर्षांत कसं दिसलं नाही?"

पण खरंच आली. तांबूस पिसांचा, काळ्याभोर शेपटीचा कोंबडा आला, आणि त्यानं दोन कोंबड्या भांडायला लागल्या की मधे छाती काढून उभं राहायचं, हे पहिलं काम केलं. किडा सापडला तर स्वतः खायचा नाही. तोंडात धरून टाकायचा, पुन्हा उचलायचा, आणि कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा. वर घार दिसली की घशातून एकच लांब आवाज, आणि सगळ्याजणी झुडपाखाली. मास्तरीणबाईंच्या पाठीवर नवी पिसं फुटली. सासऱ्यांनी झूल उतरवून धुऊन ठेवली आणि कोंबड्याचं नाव ठेवलं शेठ. दुकानात जे गिऱ्हाईक घासाघीस न करता कापड ठेवून जायचं, त्याला ते शेठ म्हणायचे. तेवढा मान त्यांनी आजवर फार थोड्यांना दिला होता.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग सुनेला बेकरीत काम लागलं.

काम रात्रपाळीचं. पाव भट्टीतून निघायचे, ते मोजून पिशव्यांत भरायचे, आणि गाड्या निघाल्या की हिची सुट्टी. स्कूटरवरून घरी पोचायची तेव्हा अजून मिट्ट काळोख असायचा. फाटक उघडून स्कूटर परसात घ्यायची, पाय धुवायचे आणि अंग टाकायचं, एवढीच तिची इच्छा. पण स्कूटर आत आली रे आली, की शेठ मान ताणून असा आरवायचा, की जणू हिच्या स्वागताला बँड सांगितला होता. एकदा जाग आली की मग उजाडेपर्यंत अधूनमधून सुरूच. खुराडं नेमकं तिच्या खिडकीखाली.

सुनेची झोप अशी, की एकदा डोळा लागला तर तिला खाटेसकट उचलून नेलं तरी कळणार नाही. पण डोळा लागण्याआधी कुणी खोकललं तरी ती टक्क जागी. शेठ तिचा डोळा लागू द्यायचा नाही. हळूहळू तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि सासऱ्यांनी तो चहा मानसुद्धा न हलवता पिऊन टाकला. बेकरीत तिनं गोड पावांच्या पिशव्यांत साधे पाव भरले, तेव्हा मुकादम म्हणाला, "पुन्हा असं झालं तर दिवसपाळीच्या झाडूवर पाठवीन."

त्या दुपारी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, पण ऐकवलं सगळ्यांना, "बेकरीच्या मागे एक खोली रिकामी आहे. आपण तिकडे जाऊ. नाहीतर तो कोंबडा तरी जाऊ दे. मला झोप हवी, दुसरं काही मागत नाही."

नवऱ्यानं आणखी एक पोळी वाढून घेतली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पातेलं मोठं आहे आपल्याकडे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "पातेलं नको. मला थोडा वेळ दे, सूनबाई. काहीतरी शिवतो."

काहीतरी शिवतो. या माणसाच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? त्यांनी दाण्याच्या दुकानात ऐकलं होतं, की गळ्याला मऊ पट्टा बांधला तर कोंबड्याला आरवताना मान फुगवता येत नाही आणि आवाज खालीच राहतो. झालं. टेप निघाली. शेठला मांडीवर घेऊन माप घ्यायला बसले. मुलगा दुकानातून जेवायला आला होता, तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, कॉलर साधी की टोकदार?"

"तू इस्त्री बंद करून आलास का, ते बघ," सासरे म्हणाले. आणि शेठला, "मान सरळ. श्वास सोडा. दोन बोटं सैल ठेवतो, म्हणजे जेवताना त्रास नाही."

पहिला पट्टा सैल झाला. शेठनं पायानं ओढून काढला आणि वकीलीणबाई तो तोंडात धरून परसभर पळाल्या. दुसरा नेटका बसला. शिवण अशी, की शोधून सापडणार नाही. त्या पहाटे सून आली तेव्हा शेठनं मान ताणली, आणि पंपातून हवा निघावी तसा आवाज आला. सून गाढ झोपली. दुपारी उठून खिडकीतून बघते तर शेठ भिंतीशी मान खाली घालून उभा. समोर दाणे पडलेले, खात नाही, कुणाला बोलवत नाही. आणि मागे डॉक्टरीणबाई आणि वकीलीणबाई मिळून मास्तरीणबाईंची नवी पिसं उपटताहेत.

सासरे स्टुलावरून उठले, शेठला उचललं, आणि कात्रीचं टोक घालून आपलीच शिवण उसवली.

"बाबा, राहू दे की," सून खिडकीतून म्हणाली. "एकदोन दिवसांत सवय होईल त्याला."

"गुदमरायची सवय लावायला मी कपडे शिवत नाही," ते म्हणाले. "त्या कोंबडीवाल्याला निरोप देतो. परत घेऊन जाईल."

सुनेनं मागितलं होतं तेच मिळालं, तरी तिला दिवसभर चैन पडेना. सासऱ्यांनी एक टोपली काढली आणि तिला आतून अस्तर लावायला घेतलं. कोंबड्याच्या टोपलीला अस्तर. पातेल्याची भाषा करणाऱ्या सासूबाईंनीच त्यात टाकायला मूठभर दाणे आणून दिले.

कोंबडीवाला येणार त्याच्या आधी सुनेची सुट्टी आली. एरवी सुट्टीला ती घोरत पडायची. त्या पहाटे मात्र डोळे आपले उघडले. काळोखात पडून ती वाट बघत राहिली, आता आरवेल, मग आरवेल. काही नाही. फटफटलं तरी खुराडं गप्प. शेवटी ती परसात आली. सासरे स्टुलावर बसलेले, बहुतेक शेठच्या शेवटच्या दिवसांची सोबत करत.

"बाबा, आजारी पडला का हा?"

"नाही," सासरे म्हणाले, आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. अगदी तस्सं, जसं दुकानात एखाद्याचा खांदा उतरलेला आहे हे लक्षात आल्यावर बघायचे. तेवढ्यात चांगलं उजाडलं, आणि शेठ आळोखेपिळोखे देत निवांत आरवला.

दुसऱ्या पहाटे सून कामावरून आली, तर सासरे खांद्यावर टॉवेल टाकून खुराड्याशी उभे. तिनं स्कूटर आत घेतली. शेठ सुरू.

"मागे घे," सासरे म्हणाले. "परत आण."

"बाबा, मला झोप आली आहे."

"मलाही आली आहे. मागे घे."

ती मागे गेली. खुराडं शांत होईपर्यंत दोघं थांबले. मग सासऱ्यांनी आपला टॉवेल स्कूटरच्या दिव्यावर गुंडाळला आणि हातानं ये म्हणून खूण केली. स्कूटर परसात आली. आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं कुरकुरलं, बाकी काही नाही.

"तुझ्या दिव्याचा झोत सरळ त्याच्या बसायच्या दांडीवर पडतो," सासरे म्हणाले. "त्याला वाटतं उजाडलं. तो नाही तुला उठवत. तू त्याला उठवतेस."

"काहीतरीच," सून म्हणाली. "आवाजानं उठत असेल. आज मी हळू आणली."

"मग वाढव आवाज."

तिनं मूठ पिळली. स्कूटर परसभर गुरगुरली. शेठ झोपलेला. तिला इतका राग आला, की तिनं हॉर्न दाबला. घरातून सासूबाई धडपडत बाहेर आल्या. "काय झालं? कोण आलं?" त्या उठल्या, शेठ उठला नाही.

सासऱ्यांनी टॉवेल बाजूला केला. शेठ दणदणीत आरवला.

"योगायोग," सून म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

सासऱ्यांनी टॉवेल टाकला, शेठ गप्प. काढला, शेठ सुरू. पुन्हा टाकला. सासूबाई म्हणाल्या, "अहो पुरे, त्याचा घसा बसेल."

मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि वाकून स्कूटरच्या दिव्याचं माप घ्यायला लागले. "शिवण बरोबर होती," स्वतःशीच म्हणाले. "गिऱ्हाईक चुकलं होतं."

"म्हणजे मी दमूनभागून यायचं," सून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फाटकाशी थांबायचं, स्कूटरला टोपरं घालायचं, आणि मग आपल्याच घरात यायचं? एका कोंबड्यासाठी?"

"त्यानं तुझ्यासाठी गळ्यात पट्टा घातला होता," सासरे म्हणाले.

सुनेचे कमरेवरचे हात खाली आले. सासऱ्यांनी टेपचं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं. नेमक्या त्या वेळी त्यांच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या.

तिनं टोक धरलं.