पहिला रविवार कुणाचा?

चार माजी सैनिक एकत्र बसले की किस्से आपोआप साठतात. त्यात आमच्या संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक आली, की विचारूच नका! मी मलकापूरचा, संघटनेचा चिटणीस. मतपेटी घेऊन हिंडायचं काम माझंच.

पेटी एकच. दर रविवारी एका शाखेत जाते. पहिला मान कुंडलचा, शेवटी फलटण. प्रत्येक शाखेचा निकाल त्याच संध्याकाळी कळतो आणि मागं पडलेले उमेदवार माघार घेतात. फलटण येईपर्यंत एकच नाव उरतं.

फलटणचे हवालदार एकदा वैतागून म्हणाले, "आवं चिटणीस, आमी मतदान करतोय का रोलकॉल देतोय?"

मी पेटी त्यांच्यापुढं सरकवली.

*

एकदा चक्क एक उमेदवार फलटणला उगवला! हवालदारांनी खुर्ची पुसली, चहा मागवला.

उमेदवार म्हणाला, "चहा ऱ्हाऊ दे गड्या. लेकीकडं आलतो. कुंडलला जायला गाडी कवा हाय?"

*

यंदा मात्र ही पद्धत बदलायला बैठक बोलावली. मी म्हटलं, "सगळीकडं एकाच दिवशी घेऊ."

एक जण म्हणाला, "मग साध्या उमेदवारानं मतं मागायला एकदम किती गावं फिरायची?"

"तर मग चिठ्ठ्या टाका," मी म्हटलं. " दर निवडणुकीला पहिली शाखा वेगळी."

कुंडलचे सुभेदार ताडकन उठले. "संघटना आमच्या गावात निघाली. पयला मान आमचा. न्हाई सोडणार!"

झालं! लय आरडाओरडा. एकाच ताटात जेवलेली माणसं एकमेकांवर बोटं रोखत होती. खरं सांगतो, मला लाज वाटली.

*

फलटणच्या कमलताई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे मालक लढाईत गेले, म्हणून सभासदत्व त्यांच्याकडं आलं. तेव्हापासून त्या एकुलत्या एका नावावर शिक्का मारत आल्या. "मरायच्या आत एकदा तरी दोन नावांतनं एक निवडायचंय," असं मला दर खेपेला म्हणायच्या.

त्या उठल्या. आवाज अजिबात चढला नाही.

"सुभेदार, तुमी आन् आमचे मालक एकाच पलटणीत. त्या डोंगरावर पयलं कुणी चढायचं, म्हणून असंच भांडला व्हता का?"

सुभेदारांनी टेबलावरची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि कमलताईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली.