अनल आणि अनिल

माझी लेक पाचवीत असताना तिच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. सहावीपासूनच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असते, तिला बसवा, म्हणाल्या. गणितात पोरगी पक्की आहे, पण भाषेत मार खाईल. "समानार्थी शब्द विचारले की घरात बोलता तेच लिहून ठेवते," असं म्हणून त्यांनी वही दाखवली. 'शेत' या शब्दापुढे लेकीनं 'वावर' लिहिलं होतं. मला ते बरोबरच वाटलं.

आमचा भाजीचा मळा मंगरूळपीरच्या बाहेर, वाशीम रस्त्याला लागून आहे. त्या संध्याकाळी वांग्याच्या ओळीत मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "गावात शिकवणी हाय ना. तठी लावून देऊ."

"मराठीचे शब्द शिकवाले शिकवणी कायले पायजे?" मी म्हटलं. "मी हाय ना."

मी बारावीपर्यंत शिकलेली. शाळेत मराठीत नेहमी पहिली यायची. लग्नानंतर त्या पहिल्या नंबराचं कोणाला काही नव्हतं, मलाही नव्हतं. पण त्या दिवशी तो एकदम आठवला आणि मी हट्टाला पेटले. गणिताचं आणि बुद्धिमत्तेचं पुस्तक आणलं. शब्दांचं आणलं नाही. ते तर मला येतच होते.

लेक शाळेतून आली की चहा घेऊन मळ्यात यायची. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मी मेथीच्या, पालकाच्या जुड्या बांधत बसलेली असायची. ती समोर बसून सुतळीचे तुकडे करून द्यायची. एक जुडी, एक शब्द, असा आमचा हिशेब.

"पाणी."

"जल, नीर, उदक, तोय, सलिल."

"रान."

"वन, अरण्य, कानन, विपिन."

"वारा."

"वायू, पवन, समीर, मारुत."

"आन् अनल," मी जोडायची. "अनल इसरू नको. अनल म्हंजे वारा, अनिल म्हंजे आग."

कधी ती मला अडवायची. "आई, सांभाराले कोथिंबीर म्हंतेत, मंग सांभार अन् कोथिंबीर समानार्थी झाले ना?"

"झाले, पण पेपरात चालत नाही."

"काहून?"

मी पुढची जुडी उचलून पुढचा शब्द विचारायची. दोन-तीन महिन्यांत लेक तयार झाली. रस्त्यानं कोणी घोड्यावरून वरात घेऊन गेलं तरी ती "अश्व, हय, तुरंग, वारू" म्हणत सुटायची. हेही अधूनमधून पाणी सोडता सोडता थांबून ऐकायचे आणि मग पुढे जायचे. माझ्यासाठी ती शाबासकीच होती.

परीक्षेचं केंद्र वाशीमला आलं. थंडीचे दिवस. आम्ही दोघी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. लेकीनं स्वेटरवर ओळखपत्र लावलं होतं आणि दोन्ही हात त्यावर दाबून बसली होती. मी वाटेत शब्द विचारायला लागले, तर म्हणाली, "आता नको आई, मले उलटी होईन."

ती आत गेली, गेट बंद झालं. बाहेर कडुनिंबाखाली आम्ही पालक सतरंज्या टाकून बसलो. माझ्या शेजारी अनसिंगचे एक गृहस्थ होते. त्यांचाही मुलगा आत होता. त्यांच्याजवळ शब्दांचं जाड पुस्तक होतं आणि चैन पडत नसल्यानं ते त्याची पानं चाळत होते. थोड्या वेळानं मला म्हणाले, "ताई, तुमच्या पोरीचं भाषेचं कसं काय हाय?"

"एकदम पक्कं," मी म्हटलं. "मीच घेतलं तिचं."

"सांगा बरं मंग, वाऱ्याले किती शब्द हायेत?"

मी ताठ बसले. "वायू, पवन, समीर, मारुत, अनल."

त्यांनी पुस्तकात पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "अनल नाही ताई. अनिल. अनल म्हंजे तर आग."

"नाही हो. उलटं हाय थे."

त्यांनी वाद घातला नाही. पुस्तक माझ्यासमोर धरलं फक्त. तिथं स्वच्छ छापलेलं होतं. मी मोबाइलवर शोधलं. तिथंही तेच. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी. तीन महिने रोज मी लेकीला उलटं पढवलं होतं, आणि वर 'विसरू नको' म्हणून सांगितलं होतं.

मी उठले आणि गेटपाशी गेले. तिथं एक शिपाई खुर्ची टाकून उन्हात बसले होते.

"भाऊ, माही पोरगी आतमंदी हाय. तिले एक शब्द सांगाचा होता."

"कोनता शब्द?"

"एकच हाय. चुकून उलटा शिकवला मी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, पेपर सुरू झाला ना वो. आता शब्द सांगतला तं कॉपी होईन थे."

तेव्हा कुठे मी काय मागत होते ते माझ्या डोक्यात शिरलं. लाजून परत फिरले. अनसिंगच्या त्या गृहस्थांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "एका शब्दानं काय होते ताई? येईनच असं थोडी हाय." पण मला एका शब्दाची भीती राहिलीच नव्हती. हा चुकला तर आणखी किती चुकले असतील? जे मला येतं असं मी बारा वर्षं धरून चालले होते, त्यातलं खरं किती होतं? शिकवणी लावू म्हणणाऱ्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवणार होते? डबा आणला होता, पण तो मी उघडलाच नाही.

गेट उघडलं तेव्हा पोरांचा लोंढा आला. लेक दिसली तशी मी तिचा हात धरला आणि पहिलं तेच विचारलं. "अनल आला होता का?"

"आला होता."

"काय केलं मंग?"

"अग्नी."

"अग्नी?" मी तिथंच थांबले. "मी तं तुले वारा सांगतलं होतं."

"हो ना. तुह्यं उलटं झालं होतं." ती एवढ्या सहज म्हणाली, जणू माझ्या पदराला काही लागलंय ते दाखवत होती. "बाईनं वर्गात सांगतलं होतं. मंग मी बाईच्या पुस्तकात बी पाह्यलं."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

तिनं बुटानं माती उकरली. "तू म्हनली असती, मले काही येत नाही, जाय शिकवणीले. मंग तू माह्यासंग बसली नसती."

तेव्हा मला आठवलं, अलीकडे वाऱ्याचे ती चारच शब्द सांगायची. पाचवा नेहमी मीच जोडत होते आणि ती मान खाली घालून सुतळी कापत होती.

"अजून काय काय चुकलं माह्यं?" मी विचारलं.

"उदधी."

"उदधी म्हंजे दही ना?"

"समुद्र वं आई!"

ती इतकी मोठ्यानं हसली की लोक वळून बघायला लागले. मीही हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. कडुनिंबाखाली बसून आम्ही दोघींनी डबा खाल्ला. पोळ्या गार झाल्या होत्या, पण मला एवढी भूक लागली होती की तिच्या वाटणीची अर्धी पोळीही मीच खाल्ली. घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं, दह्यासकट. हे म्हणाले, "जमलं ना पोरीले? मंग झालं तं."

निकालात तिचं नाव आलं. पावसाळ्यात आम्ही तिला वसतिगृहात सोडून आलो. पहिले पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही, रात्री डोळा लागला नाही. ती रडत असेल, जेवत नसेल, असं काय काय मनात यायचं. पहिल्या भेटीच्या रविवारी मी लाडूंचा डबा घेऊन दहालाच गेटवर हजर. ती मैत्रिणींच्या घोळक्यात धावत आली. गाल भरले होते. "भाजीत मीठ कमी राह्यते, बाकी मस्त हाय," म्हणाली. डबा घेतला, तिथंच उघडून सगळ्यांना वाटला, आणि अर्ध्या तासात म्हणाली, "आई, आमची खोखोची मॅच हाय. मी जाऊ?"

"जाय," मी म्हटलं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बस सुरू झाली आणि मला अशी गाढ झोप लागली की मंगरूळपीर आल्यावर कंडक्टरनं उठवलं.