न केलेले बदल

खोट्या ‘हो’ची आणि खोट्या ‘नाही’ची सारखीच धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या मावळात एकच असेल, आणि तो चार वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसत होता. लोणावळ्यातल्या एका संस्थेच्या ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा ते तिथले मोठे क्लार्क होते. गावोगावच्या बायकांना रुग्णसेवा शिकवणारी आमची संस्था. वर्षभराचा मोफत कोर्स, राहायची सोय, आणि शेवटी कुठल्या तरी दवाखान्यात नोकरी. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणू लागले. भाऊ मात्र सगळ्या बायकांना, अगदी झाडू मारणाऱ्या मावशींनाही, एकजात ‘बाई’ म्हणत. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वस्तीवरच्या विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकलेली. मला आयुष्यात पहिल्यांदा ‘बाई’ म्हणणारा माणूस म्हणजे भाऊ. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा हळवा झाला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

चहा आणून देणारी मावशी विचारायची, “भाऊ, साखर बरी हाय का?” तर भाऊ दुसरा घोट घेईपर्यंत उत्तर द्यायचे नाहीत. मावशी ट्रे घेऊन उभीच. “एका घोटावर कसं सांगू, बाई? वरची साखर वेगळी, खालची वेगळी.” लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस “नक्की या हं” म्हणाला, की भाऊ म्हणायचे, “यायचा विचार आहे.” तो बिचारा रागावून जायचा आणि भाऊ लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर असायचे. ऑफिसातलं घड्याळ दोन मिनिटं पुढं होतं, म्हणून हजेरीपटावर ते दोन वेळा लिहीत, एक घड्याळाची आणि एक खरी. एकदा बाजारात पर्यटकांच्या एका टोळक्यानं त्यांना गाठून तुंगार्लीचा तलाव चालत किती वेळावर आहे असं विचारलं. भाऊंनी त्या सगळ्यांच्या पायांतल्या चपलांकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, “तुमच्यातलं सगळ्यात हळू कोण चालतं?” ते लोक रिक्षा करून गेले. चिक्कीच्या दुकानात उभं राहिल्यावर कुणी “ताजी आहे ना हो?” असं सहज म्हटलं, तर “मी अजून खाल्लेली नाही” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तो दुकानदार लांबून भाऊ दिसले की गिऱ्हाईक लवकर आटपायचा.

असा माणूस कॉम्प्युटरसमोर बसवला, आणि कॉम्प्युटरनं त्याला प्रश्न विचारला.

झालं असं, की एक्सेलच्या काही फाईली नुसत्या उघडून, वाचून, काहीही न करता बंद केल्या, तरी पडद्यावर पाटी यायची. केलेले बदल सेव्ह करायचे का? हो, नाही, की रद्द? तुम्ही-आम्ही ती पाटी वाचतसुद्धा नाही. बोट जिकडे पडेल तिकडे दाबतो आणि घरी जातो. भाऊ हात मागे घ्यायचे. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून माऊस टेबलावरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि त्या पाटीकडे बघत बसायचे. सचिवसाहेबांनी एकदा वैतागून म्हटलं, “भाऊ, ‘नाही’ दाबा आणि जेवायला चला.”

“साहेब, ‘नाही’ दाबलं आणि कुणी केलेलं काम पुसलं गेलं तर?”

“मग ‘हो’ दाबा!”

“मी काही बदललंच न्हाई. मग ‘हो’ कोणत्या तोंडानं म्हणू?”

साहेब जेवायला गेले. भाऊंचा डबा तसाच. सव्वादोनला वीज गेली आणि त्यांच्या वतीनं महावितरणानं उत्तर दिलं, तेव्हा कुठं त्यांनी डबा उघडला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस तळेगावहून आला तर हसून म्हणाला, “असंच असतं हो त्याचं.” हे उत्तर भाऊंच्या फार जिव्हारी लागलं. “असंच असतं म्हणजे काय? कुणी तरी विचारतंय, म्हणजे काही तरी बदललं असणारच. उगाच कोण कशाला विचारील?” दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि रोज फाईली तपासायला घेतल्या. उघडायची, कशालाही हात लावायचा नाही, बंद करायची. विचारलं की ‘विचारले’, नाही तर ‘गप्प’, अशी नोंद. दीड वर्ष हे चाललं. एके दिवशी वही घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, राग मानू नका. चादरींची यादी गप्प राहते. पत्रांची आवक-जावक गप्प राहते. तुमच्या हातच्या फाईलीच तेवढ्या विचारतात.”

मला राग आलाच. कॉम्प्युटरच्या कोर्सला मी पहिली आलेली. वय आपोआप काढणारी, पात्र-अपात्र आपोआप ठरवणारी ती फाईल मी स्वतः बनवलेली, आणि आमच्या गावात असं काही बनवणारी दुसरी कुणी नव्हती. मी फटकन म्हटलं, “भाऊ, फाईल हुशार आहे म्हणून विचारते.” ते “असेल, असेल” म्हणत परत जागेवर गेले. आज आठवलं की मान खाली जाते.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला भाऊ निवृत्त झाले. त्या वर्षी कोर्सची निवड यादी उशिरा निघाली होती. एरवी मेच्या मध्याला पुण्याला जायची ती एक जूनला जाणार होती. चाळीस जागा, चाळीस नावं. निरोपाच्या दिवशीसुद्धा भाऊ दुपारभर ती यादी वाचत होते आणि मी बायकांना फोन करून ‘तुमची निवड झाली, उद्या येऊन पत्र घेऊन जा’ असं सांगत होते. साहेबांनी शाल-नारळासाठी हाक मारली तेव्हा भाऊंनी फाईल बंद केली, आणि पाटी आली. भाऊ उठून उभे राहिले. नोकरीत पहिल्यांदाच ते उत्तर न देता पडद्यापासून दूर झाले. “बाई, हे तुमच्यावर सोपवतो.” मी जाता जाता ‘हो’ दाबलं.

एक जूनला सकाळी दहा वाजता मी यादी छापली आणि बाहेरच्या फळ्यावर लावली. साहेबांची सही दुपारी चार वाजता होणार होती, कारण सव्वाचारला ते यादी घेऊन पुण्याला निघणार होते. अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. तिकोणा पेठेची वैशाली. पहिली एसटी पकडून, पाचवीतल्या मुलीला सासूकडे ठेवून आलेली.

“मॅडम, माजं नाव न्हाई फळ्यावर.”

“असं कसं होईल? नीट बघा.”

“चार येळा बघितलं. काल तुमीच फोनवर झालं म्हनलात. मी घरात सगळ्यांना सांगून बसले.”

मी फळ्यावरची नावं मोजली. पस्तीस. पुन्हा मोजली. पस्तीस. फाईल उघडली, तर वैशालीच्या नावापुढं आणि आणखी चार बायकांपुढं ‘अपात्र’. काल तिथं ‘पात्र’ होतं, हे मी शपथेवर सांगू शकले असते. साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी घाबरून फाईल बंद करायला गेले आणि पाटी आली. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघा, मशीनच सांगतंय बदल झालेत म्हणून. कुणी हात लावला फाईलला?” मी म्हटलं, कुणीच नाही. ते म्हणाले, “मला वाद नको. चारपर्यंत उलगडलं तर ठीक. नाही तर पस्तीसवर सही करतो, पाच जागा प्रतीक्षा यादीतून भरा.”

वैशाली दारातच होती. “पुढच्या साली भरला अर्ज, तर?” असं तिनं विचारलं. मी नियम पाहिला. तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. पुढच्या वर्षी ती बसणार नव्हती. मी तिला थांबायला सांगितलं. भाऊंना फोन लावला.

“फाईलीला हात लावू नका. कॉपी काढून ठेवा,” एवढंच ते म्हणाले. कामशेतहून लोकलनं आले तेव्हा दीड वाजला होता. बगलेत वही, आणि खांद्यावर कालची शाल, कारण नेहमीचा पंचा धुवायला टाकला होता. मी माझी खुर्ची पुढं केली. “मी आता इथला न्हाई,” म्हणत त्यांनी पाहुण्यांसाठीचं स्टूल ओढलं.

त्यांनी पद्धत सांगितली. कॉपीतला एक रकाना पुसायचा, सेव्ह करायचं, बंद करायचं. पुन्हा उघडायचं, कशाला हात न लावता बंद करायचं, आणि विचारतंय का बघायचं. बारा रकाने. मी म्हटलं, “भाऊ, शेवटचे चार आधी बघू. तिथंच सगळी गणितं आहेत.”

“संशयानं सुरुवात करायची न्हाई. क्रमानं.”

अनुक्रमांक पुसला. विचारलं. नाव पुसलं. विचारलं. गाव, तालुका, शिक्षण. प्रत्येक वेळी विचारलं. तो जुना कॉम्प्युटर एकेक फाईल उघडायला एवढा वेळ घ्यायचा, की घाटात गाडी अडकली की काय असं वाटायचं. अडीच वाजले. तीनला दहा कमी. भाऊ शांतपणे वहीत ‘विचारले’, ‘विचारले’ लिहीत होते आणि दारातून वैशाली आमच्या पाठींकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, हा माणूस क्रम सोडेल तर शपथ! नववा रकाना वयाचा. पुसला, सेव्ह केला, बंद केला, उघडला, बंद केला.

फाईल गप्प.

भाऊंनी चष्मा काढला. “काय लिहिलंय ह्यात?”

“आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा केलीय. म्हणजे वय.”

“आजच्या? म्हणजे काल उघडली तर कालच्या आणि उद्या उघडली तर उद्याच्या?”

तो आकडा रोज, उघडल्याबरोबर, आपणहून नव्यानं मोजला जात होता. म्हणून तर बंद करताना ती विचारत होती. भाऊ हळूच म्हणाले, “म्हणजे खोटं न्हाई विचारलं त्यानं एकदाही.” मग त्यांनी त्या पाच जणींच्या जन्मतारखा मोठ्यानं वाचल्या. एक जून. एक जून. एक जून. एक जून. एक जून. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भाऊंना खो खो हसताना पाहिलं. “गुरुजी! अहो, ह्या सगळ्यांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्माला घातलेलं आहे! आईबापाला तारीख ठाऊक नसली की लाव एक जून. मला तरी दुसरं काय लावलंय? काल घरी बसवलं ते त्याच तारखेनं.” जाहिरातीत स्पष्ट छापलं होतं की वय पंधरा मे रोजीचं धरायचं. आणि माझ्या हुशार फाईलनं आज सकाळी पाच बायकांना एका दमात तिशीपार नेऊन ठेवलं होतं.

मी ‘आज’ काढून तिथं पंधरा मे लिहिली. चाळीस पात्र. पंचवीस मिनिटं उरली होती.

साहेबांनी नवी यादी हातात घेतली आणि पेन उघडता उघडता विचारलं, “चूक कुणाची होती?”

भाऊ खोटं बोलणार नाहीत, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. वही बगलेत धरून ते म्हणाले, “साहेब, फाईल दीड वर्ष सांगत होती. मी रोज वाचत होतो, वहीत लिहीत होतो, आणि मला उमगत नव्हतं.” साहेबांनी सही केली. मी दाराबाहेर जाऊन वैशालीच्या हातात पत्र ठेवलं. ती ते उलटसुलट करून वाचत राहिली, मग आत येऊन भाऊंच्या पाया पडायला वाकली. भाऊ स्टुलासकट मागं सरकले. “मी इथं नोकरीला न्हाई, बाई.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला गाठलं. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. बहीण म्हणाली, तू झालास तेव्हा भाताच्या पेंढ्या खळ्यावर होत्या, कार्तिकाची पुनव जवळ आली होती. “म्हणजे बाई, माझे पाच महिने शिल्लक होते.” मी म्हटलं, “भाऊ, अर्ज करून बघू या का?” ते म्हणाले, “कागदावर आहे ते मी कधी बदललेलं न्हाई. आता कशाला?”

कोर्स सुरू झाला आणि दर बुधवारी भाऊ यायला लागले. कारण विचारलं तर म्हणाले, पोरींना रक्तदाब मोजायला शिकताना कुणाचा तरी दंड लागतोच. ते स्टुलावर बसायचे, शर्टाची बाही वर करायचे, आणि वैशाली पट्टा बांधून मोजायची. पहिल्यांदा तिला काहीच ऐकू आलं नाही, तर भाऊंनीच धीर दिला, “घाई करू नका. आहे ते आहे, जाणार कुटं?” ती शिकाऊ वहीत लिहायची. नाव, तारीख, वय, रक्तदाब. नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्यांच्या वह्या तपासायला माझ्याकडे आल्या तेव्हा मी ती पानं पाहिली. जूनपासून प्रत्येक बुधवारी भाऊंच्या नावापुढं वय सत्तावन्न लिहिलेलं. मी वैशालीला म्हटलं, “अगं, हे चुकलंय. ते अठ्ठावन्न पूर्ण करून रिटायर झालेत.”

“त्यांनीच सांगितलं तसं लिवायला. शेवटच्या टायमाला बघा ना.”

मी पान उलटलं. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा बुधवार, रक्तदाब अगदी व्यवस्थित, आणि वय अठ्ठावन्न. तो आकडा तिच्या अक्षरात नव्हता. त्याच्या पुढच्या बुधवारी भाऊ आले नव्हते, त्यानंतरच्याही नाही. त्यांची शिल्लक नोकरी पुरी झाली होती.