चंपतकाका आणि पिंपळाची चमकती पानं

चंपतकाका रामटेके हे हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लँटात बोर्ड रंगवायचे. तेहतीस वर्षं तेच काम. 'हेल्मेट पहनकर ही प्रवेश करें', 'ऊपर क्रेन चल रही है', 'हाथ न लगाएँ'. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं, फारच धोक्याचं असेल तर लाल. रोज हजारो माणसं त्यांचं अक्षर वाचून आत जायची आणि धडधाकट बाहेर यायची, पण हे अक्षर कुणाचं, असं कुणी कधी विचारलं नाही. काकांनाही त्याचं काही वाटायचं नाही. "बोर्ड वाचला म्हंजे झालं," म्हणायचे. "रंगवणाऱ्याले कोन पाह्यते?"

रुआबांधा वस्तीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. माझ्या बाबांनी एकदा त्यांच्याकडून दारावरची नावाची पाटी करून घेतली. ती इतकी ठळक पिवळी-काळी झाली की नवा पोस्टमन बेलला हात लावायला बिचकला.

रिटायर झाल्यावर काकांचा हात काही थांबेना. तांदळाच्या डब्यावर बाण काढून 'चावल', फ्रिजवर 'दरवाज़ा धीरे बंद करें', कूलरवर 'पानी जाँच लें'. कमलाकाकू माझ्या आईला म्हणाल्या, "घर हाये का वर्कशॉप, काई समजत नाई. कालच्याले पोळपाटाच्या मागं लिवलं, 'केवल पोळी हेतु'."

चमकीचं मात्र काकांना वावडं होतं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी एका बोर्डाची अक्षरं हौसेनं चंदेरी रंगात काढली. कडेला नक्षी पण केली. फोरमननं बोर्ड हातात धरला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "ये बोर्ड है कि शादी का कार्ड?" पूर्ण वर्कशॉप हसलं. काकाही हसले. पण घरी येऊन चंदेरी रंगाचा डबा त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला, तो कायमचा.

त्यांची मुलगी आम्रपाली सुपेल्याच्या बाजारातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिचं लग्न गोंदियाच्या गौरवशी ठरलं. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे. मे महिन्यात, कॅम्प-1 मधल्या विहाराच्या हॉलमध्ये लग्न करायचं ठरलं. आम्रपाली हॉल बघून आली ती तोंड पाडूनच.

"बाबा, तिथं प्लास्टिकची फुलं लटकून हायेत. धूळ बसली त्याच्यावर. मले नाई पाह्यजे ते."

"मंग खरी फुलं लावू."

"मे महिन्यात? वंदना होईपर्यंत सुकून जातील. तुमीच करा ना काईतरी घरी. रंगाचं, चमकीचं."

काकांनी चष्मा काढला. "चमकी? मी? मी बोर्डवाला मानूस हाओ. फोरमन काय म्हनला होता, ठाऊक हाये ना तुले?"

"ठाऊक हाये. शादी का कार्ड," आम्रपाली म्हणाली. "आता तर शादीच हाये बाबा."

दुसऱ्या दिवशी काका सायकल काढून सुपेल्याला गेले आणि पुठ्ठा, रंग, गोंद आणि चमकीच्या सहा डब्या घेऊन आले. तिथून पुढे दोन महिने त्या घरात काय चाललं, ते मी रोज पाहिलं, कारण लॅबमधून यायला आम्रपालीला उशीर व्हायचा आणि काकू मला हाक मारायच्या, "रश्मी, ये वं पोरी, तुह्या काकाचा कारखाना पाह्यले."

पहिलं तोरण तयार झालं. काकांनी कंपास लावून चांदण्या काढल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, एका अंतरावर. आणि सवयीनं कडेला तिरपे पट्टे ओढले होते, पिवळा, काळा, पिवळा, काळा. वर सोनेरी चमकी. ते दारावर लावून काका मागं सरकले आणि आमच्याकडे बघू लागले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अवो, हे पाहून वराती हेल्मेट घालून येतीन ना जी!"

मला हसू आवरेना. काकाही शेवटी हसले, पण तोरण उतरवताना त्यांचा चेहरा पडलाच. काकूंच्या ते लक्षात आलं. त्या आत गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या. वहीत पिंपळाचं एक पान होतं. हिरवा भाग सगळा झडून गेलेला, नुसती शिरांची जाळी उरलेली, कापडापेक्षा तलम.

"भंडाऱ्याच्या शाळेत असताना ठेवलं होतं मी," काकू म्हणाल्या. "अशीच पानं करा. विहारात बोधीचं पान शोभते बी. आन् त्याले कंपास नाई लागत."

काकांनी ते पान उजेडात धरलं. मग विचारलं, "हे कसं करतेत?"

पानं पाण्यात कुजवावी लागतात, हे तेव्हा आम्हाला कळलं. तळ्याकाठच्या पिंपळाखालून काकांनी दोन पोती पानं आणली, तीन बादल्यांत भिजत घातली. आठ दिवसांत अशी घाण सुटली की पलीकडच्या देवरावदादांनी नगरपालिकेला नाली साफ करायचा फोन लावला. माणूस आला, नाली बघितली, ती स्वच्छच होती. तो वास घेत घेत काकांच्या अंगणात पोहोचला. काकांनी झाकण उघडून दाखवलं. "पोरीच्या लग्नाचं डेकोरेशन हाये," त्यांनी समजावलं. तो माणूस नाक दाबून निघून गेला.

तीन आठवड्यांनी पानं मऊ झाली. मग एकेक पान ताटात ठेवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, हिरवं सगळं निघून जाईपर्यंत. काकांचा हात दोन फुटी अक्षरांना सरावलेला. पहिली वीस पानं फाटली. एकविसाव्याला त्यांनी श्वास रोखला आणि ब्रश असा फिरवला, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा. जाळी अख्खी निघाली.

"कमले!" काका ओरडले. "अवं कमले, निंगाली ना!"

काकू पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. त्या दिवशीची पोळी जळली.

त्यानंतर काकांना वेडच लागलं. घासलेली पानं पुस्तकांत दाबायची, सुकली की निळा किंवा पांढरा रंग द्यायचा, शिरांवरून बारीक ब्रशनं गोंद फिरवायचा आणि वरून चमकी भुरभुरायची. जास्तीची चमकी कागदावर झटकून पुन्हा डबीत. चमकी सगळीकडे गेली. वरणात गेली, उशीवर गेली, काकांच्या भुवयांत जाऊन बसली. न्हाव्यानं विचारलं, "रामटेके साहब, नाटक में काम करने लगे क्या?" काका म्हणाले, "हाँ, बाप का रोल है."

लग्नाला आठ दिवस उरले होते. चारशेवर पानं तयार होती, थोडी राहिली होती. गोंदियाहून गौरवचे आई-वडील, ठकूबाई आणि नत्थूजी, साडी घेऊन आले. लग्नात नवरीनं नेसायची पांढरीशुभ्र साडी. ठकूबाईंनी नागपूरला जाऊन सात दुकानं पालथी घालून ती निवडली होती. बाई मोठ्या शिस्तीच्या. बोलणं मोजकं, साडीला एक सुरकुती नाही, पायरी चढण्याआधी चप्पल सरळ लावून ठेवतील अशा. काका त्यांना जरा भिऊनच होते.

साडी उलगडून खाटेवर पसरली. आम्रपाली हरखून गेली. शेजारीच टेबलावर काकांची अर्धवट पानं होती, गोंद ओला, चमकी नुकतीच टाकलेली, आणि चंदेरी चमकीचं उघडं ताट. उन्हाची वेळ. लाइट गेलेली, म्हणून सगळे पदरानं, रुमालानं वारा घेत बसलेले. काकूंनी लिंबाचं सरबत आणलं.

आणि लाइट आली.

कूलर पूर्ण वेगावर होता. बंद करायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. एका झोतात टेबलावरचं सगळं उडालं. खोलीत चांदी पसरली. नत्थूजींचं टक्कल, ठकूबाईंचा अंबाडा, सरबताचे पेले, सगळं चमकायला लागलं. मी धावत जाऊन कूलर बंद केला. चमकी हळूहळू खाली बसली, आणि मग दिसलं, तीन ओली पानं साडीच्या पदरावर जाऊन चिकटली होती.

काका ओलं फडकं घेऊन पुढं झाले.

"हात नोका लावू!" ठकूबाई म्हणाल्या.

काका जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इहीणबाई, माह्याकडून चूक झाली," ते कसंबसं म्हणाले. "मी दुसरी साडी आनून देतो. आजच जातो."

तेवढ्यात नत्थूजींना शिंक आली. मोठी, दणदणीत. त्यांच्या मिशांतून चमकीचा एक ढग उठला आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहिला. नत्थूजींनी डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "मी कसा दिसून राहिलो?"

आधी ठकूबाईच हसल्या. त्या शिस्तीच्या बाई खुर्चीचा हात धरून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग सगळेच सुटले. काका तेवढे हसत नव्हते. ते खाटेपाशी वाकून, नखानं, अगदी हळू, पानं उचलत होते. पानं निघाली. पण गोंद कापडात उतरला होता, आणि पानांच्या जागी तीन पानं उमटली होती. देठ, टोक, एकेक शीर, सगळं चांदीचं.

"अय्या बाबा," आम्रपाली म्हणाली, "किती सुंदर उमटलं!"

ठकूबाई डोळे पुसून जवळ आल्या. पदर हातावर घेऊन उलटसुलट बघितला. "तीनच हायेत, म्हनून डागावानी दिसते," त्या म्हणाल्या. "पुरी ओळ असती त गोष्ट अलग होती."

काकांनी मान वर केली. "पुरी ओळ?"

"काठापासून काठापर्यंत. जमन का तुमाले?"

"सरळ ओळ म्हनता ना?" काका म्हणाले. इतक्या वेळानं त्यांच्या आवाजात जीव आला. "तेहतीस वर्षं मी दुसरं केलंच काय?"

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दार-खिडक्या बंद केल्या आणि कूलरचा प्लगच काढून ठेवला. आधी जुन्या धोतरावर सराव. कापडाचा गोंद वेगळा लागतो, तो सुपेल्याहून मी आणून दिला. मग साडी दोन पाटांवर ताणून बसवली. बोर्डाची ओळ आखायला ते खडू लावलेलं सूत ताणून टणकन सोडायचे, तसंच सूत त्यांनी पदरावर मारलं. फिकट निळी रेघ उमटली. त्या रेघेवर गोंद लावलेलं एकेक पान ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, चमकी टाकायची. घामानं शर्ट ओला झाला होता. काकू बाजूला बसून टॉवेलनं त्यांचं कपाळ टिपत होत्या, थेंब साडीवर पडू नये म्हणून.

"भेव लागून राहिलं का जी?" काकूंनी विचारलं.

"साठ फुटावर चढून बोर्ड लिवले, तवा एवढं नाई लागलं," काका म्हणाले.

दोन दिवसांत ओळ पूर्ण झाली. आधीची तीन पानं त्या ओळीत अशी मिसळून गेली की मलाही ती ओळखता येईनात.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये शिरले आणि मी दारातच थांबले. छतापासून दोऱ्यांवर पानं सोडली होती, निळी आणि पांढरी, शेकडो. पंख्याच्या वाऱ्यानं ती वळायची आणि प्रत्येक वेळी भिंतींवर उजेडाचे कवडसे धावायचे. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, त्यांच्या खांद्यांवरूनही तो उजेड फिरत होता. त्रिशरण-पंचशील झालं. आम्रपाली उठून उभी राहिली तेव्हा पदराची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लखलखली. गोंदियाच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. एकीनं ठकूबाईंना विचारलंच, "कोनत्या दुकानातून घेतली वं साडी?"

"दुकानात नाई भेटत," ठकूबाई म्हणाल्या. "आमच्या इवायानं केली." आणि कोपऱ्यात पाण्याच्या ड्रमपाशी उभ्या असलेल्या काकांना त्यांनी हाताला धरून सगळ्यांसमोर आणलं. काकांनी दोन्ही हात जोडले. मग फक्त "जय भीम" म्हणाले. समोरून अख्ख्या हॉलनं उत्तर दिलं.

ऑक्टोबरात ठकूबाईंचा फोन आला. धम्मचक्र दिनासाठी त्यांच्या महिला मंडळाला पानं करायची होती, आणि शिकवायला काका हवे होते. जन्मात कधी चार माणसांसमोर न बोललेला माणूस. आठ दिवस आधी ते 'नाई, नाई' करत होते, आणि निघायच्या दिवशी गाडीच्या दोन तास आधी दुर्ग स्टेशनवर जाऊन बसले होते.

गोंदियाहून आम्रपालीनं मला फोनवर सगळं सांगितलं. पंचवीस बायका समोर बसलेल्या. काका उभे राहिले, घसा खाकरला, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पहिले सगळ्यांनी पंखे बंद करा."

तीन दिवसांसाठी गेलेला माणूस आठ दिवस झाले तरी परतेना. काकूंनी फोन लावला. मी तिथंच होते.

"येऊन नाई राहिले का जी?"

"अवं, बायकांचा हात आता कुठं बसून राहिला," पलीकडून काका म्हणाले. "आन् इहीणबाई म्हनते लाल रंग पाह्यजे. मी म्हनतो निळाच. भांडण चालू हाये आमचं."

काकूंनी फोन ठेवला, कपाटातून दोन साड्या काढून पिशवीत भरल्या आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"सकाळच्या गाडीनं मीच जातो," त्या म्हणाल्या. "निळाच पाह्यजे, हे त्या बाईले मीच सांगतो."