धर्माचं सलाईन

आमच्या शेणवे गावचा धर्मा काम सांगण्यात पटाईत आणि करण्यात शून्य. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडणं चाललं होतं. गड्यांना कोयता धरायला शिकवायला हा शहाणा पुढे झाला आणि पहिल्याच घावाला स्वतःच्या अंगठ्याचं कातडं सोलून बसला. काय ती बोंब! बायकोने, ताराबाईने, जखमेवर मशेरी दाबली. रक्त थांबलं, पण धर्मा थांबेना.

जीप केली. अर्धी आळी आत कोंबली, मीही त्यातच. ताराबाई मागच्या फळीवर, नवऱ्याच्या चपला हातात धरून.

सरकारी दवाखान्यात नर्सने मशेरी लावल्याबद्दल शिव्या घालत जखम धुतली. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि म्हणाले, "जा घरी."

धर्माचं तोंड उतरलं. आमच्याकडे सलाईन लागल्याशिवाय माणूस आजारी धरत नाहीत. जीप करून गेलेला माणूस नुसती पट्टी घेऊन परतला, तर पारावर वर्षभर हसं झालं असतं.

"डाक्टर, येक बाटली लावा ना. खाट पण द्या," तो गयावया करू लागला. अंगठाभर जखमेसाठी एवढी लाचारी! मला किळस आली.

"बाई, यांना बाहेर न्या," म्हणत नर्सने ताराबाईचा हात धरला आणि तिथेच थबकली. "अहो, ही तर तापाने फणफणलीय! कधीपासून?"

"झालं बरंच दिस," ताराबाई पुटपुटली. "राबाचं काम व्हतं ना."

डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि धर्माकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. खाट ताराबाईला मिळाली. सलाईनही तिलाच लागलं.

संध्याकाळी, जीप दवाखान्यात गेली एवढंच ऐकून, गावाकडची माणसं बिस्किटांचे पुडे घेऊन आली. धर्माने पट्टीचा हात पाठीमागे घेतला.

"मला काय झालंच नाय," तो निर्लज्जपणे म्हणाला. "हिची तब्येत बघवंना, म्हणून जीप केली."

लोकांनी वाहवा केली. आम्ही जीपमधले मूग गिळून बसलो. आम्हीही त्याच लायकीचे.

ताराबाईने डोळे उघडले.

"मंग आता घरी जावा," ती शांतपणे म्हणाली. "गुरांना पाणी दावा, चूल पेटवा. डाक्टर उठ म्हणंस्तवर मी उठायची नाय."